स्मरणचित्र: वेंगुर्ले ते शिरोडा

वही आडवी, तळव्याहून थोडी मोठी. कागद जाड, ३०० जीएसएमचा, कारण हलका कागद पाणी लागताच वळतो. नियम एकच: किनाऱ्यावर असताना चित्र काढायला वही उघडायची नाही. चित्रं पुण्याला परतल्यावर काढायची, चपलांतली वाळू झाडून झाल्यावर, आणि फोनमधले फोटो न बघता.

सध्याचा रिवाज उलटा आहे. गॅब्रिएल कँपनारियो या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली सिएटलमध्ये ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं. आता जगभर पसरलेल्या त्या मंडळींच्या जाहीरनाम्यातला पहिलाच मुद्दा जागेवर बसून, डोळ्यांसमोर आहे ते काढण्याचा आहे. त्यांचं बरोबरच आहे. जे उद्याही तिथेच असणार ते समोर बसून काढावं. माझी यादी या किनाऱ्यावरच्या नाहीशा होत चाललेल्या गोष्टींची आहे, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या समोर बसायची सोयच उरलेली नाही.

महाराष्ट्रात शाळा केलेल्यांना स्मरणचित्र नवं नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांच्या जोडीला स्मरणचित्राचा पेपर असे. बाजार, जत्रा, समुद्रकिनारा असा काहीतरी विषय यायचा, आणि चित्रात माणसं हवीतच. आमच्या अख्ख्या वर्गाने मिळून एकच समुद्रकिनारा पाठ केला होता: दोन वाकलेले माड, अर्धा बुडालेला सूर्य, शिडाची होडी, भेळेची गाडी. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांनाही गुण चांगले पडले. त्यातली एकही गोष्ट या वहीत नाही. शिडाची होडी तर मी कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती.

वस्तू नाहीशी होते तेव्हा आधी तिची हालचाल जाते. आकार मागे राहतो, माळ्यावर, संग्रहालयात, हॉटेलच्या भिंतीवर शोभेला. पण तिचं वजन शरीरात कुठे येई, ती कशी धरत, खाली ठेवताना काय आवाज होई, हे वस्तूपाशी राहत नाही. ज्याने वापरली, निदान वापरताना पाहिली, त्याच्यापाशी राहतं. फोटोत ते येत नाही. रेघेत कधीकधी येतं.

रापण. चारकोल, दोन पानं मिळून. होडी जाळं घेऊन किनाऱ्यावरून निघते, पाण्यात अर्धवर्तुळ घालून थोड्या अंतरावर परत लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढू लागतात. ओढणारे समुद्राकडे तोंड करून मागे मागे चालतात. रांगेच्या शेवटी पोचलेला दोर सोडतो, चालत पुढे जातो, पाण्यापाशी पुन्हा धरतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. यात घाई नसते. शेवटी जाळं वाळूला लागतं तेव्हा तेवढी घाई. मग वाटे: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचे. जाता येता दोराला हात लावलेल्यालाही चार बांगडे मिळत.

मी सुरुवात टाचांपासून केली. ओल्या वाळूत टाचा रुतवून माणूस मागे रेलतो तेव्हा त्याचं सगळं बळ खाली असतं, हात नुसते दोराला अडकवलेले. चारकोलची कांडी आडवी धरून एका माणसाला एकच फरांटा: टाच, पाठ, मान. दोर काढलाच नाही. इतकी माणसं एकाच कोनात कललेली दिसली की तो कुठून जातो ते कळतं.

रापण अजून आहे. पण पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावणाऱ्या बोटी बांगडा-तारली किनाऱ्याशी यायच्या आत उचलतात. केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, असं इथले लोक सांगतात. रिकामं जाळं ओढायलाही माणसं तितकीच लागतात. ती रोज कुठून आणायची?

पुढच्या खेपेस वही घेऊन गेले. मासे सुकवत बसलेल्या एका आजींनी हात पुसून पान बघितलं.

“बरां आसा. पण ह्येंची तोंडां खंय?”

मी म्हटलं, आजी, तोंडं आठवली नाहीत, पाठी आठवल्या. त्यांनी एका फरांट्यावर बोट ठेवलं. “ह्यो माझो घोव.” शेजारची दुसरी लगेच वाकली. “खंयचो! तुझो घोव डावरो. ह्यो उजव्या खांद्यान वढता.” बराच वेळ वाद चालला. मी कुणालाही मनात धरून ते काढलं नव्हतं, पण तसं म्हणायची संधी मला कोणी दिली नाही.

चुंबळ. डोक्यावर पाटी घ्यायच्या आधी जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, वळवून केलेलं कडं. पेन न उचलता काढलेली एकच रेघ, कारण ती वळतानाही हात थांबत नसे. पाटी उतरली की चुंबळ कमरेला, नाहीतर मनगटात.

पाटी. तिचं चित्र फसलं नाही, कंटाळवाणं झालं. विणलेला बांबू काढायला बसलं की हात भरतकामाला लागतो. शेवटी पाटी पुसून टाकली आणि तिच्यातून गळणारं पाणी ठेवलं: मानेवरून पाठीवर, पाठीवरून काष्ट्यापर्यंत गेलेला ओला डाग, पेन्स ग्रे रंगाचा. आता मासे थर्माकोलच्या खोक्यात आणि प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये रिक्षातून जातात. क्रेट बरा आहे. धुता येतो, एकावर एक बसतो, आणि कुणाची मान दुखत नाही. चुंबळ गेल्याचं दुःख ती न वळणाऱ्यांनीच जास्त केलेलं आहे, मी धरून.

उलांडीची होडी. होडीच्या एका बाजूला, अंतर राखून, दोन आडव्या दांड्यांना बांधलेला ओंडका म्हणजे उलांडी. लाटेवर ती होडीला कलू देत नाही. पण मला काढायची होती ती शिवण. या भागातल्या जुन्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. फळीला फळी लावायची, फटीवर काथ्या दाबून बसवायचा, दोन्ही काठांना भोकं पाडून दोरीने आवळायचं. खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवण कुजते, पण ती उसवून पुन्हा घालता येते. शिवलेली होडी वाळूवर आपटली तर थोडी लवते आणि तुटत नाही.

हे सगळं मला शब्दांत येतं. रेघेत यायला फार वेळ गेला. दोरी भोकातून आत गेल्यावर पुढे कुठे येते? हाताला आठवत नव्हतं, कारण हाताने ते कधी केलेलंच नव्हतं. पानावर म्हणून टाक्यांच्या तिरक्या रेघा आहेत आणि आतल्या बाजूला कोरा कागद. आताच्या फायबरच्या होडीची आतली बाजू काढायला कठीण नाही. ती आतून बाहेरून सारखीच निळी.

मोकळ्या जागेची भीड मोडली ती प्रभाकर बरव्यांमुळे. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला हा चित्रकार. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून, रिकाम्या जागेत असतात. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० साली आलं, आणि ते वाचल्यावर मला निदान एवढं समजलं की माहीत नसलेला भाग छाया देऊन भरायचा नसतो. छाया देणं ही आपल्या चित्रकलेच्या तासाची जुनी खोड आहे: येत नसेल तिथे सहा-बी पेन्सिल घासायची.

तिथीची पाऊणपट. या पानावर चित्र नाही, पाढा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. मुंबईकडे हा हिशोब बराच जमतो, वेंगुर्ल्याकडे पाणी थोडं आधी भरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. माझ्या मावशीकडे भिंतीवर कालनिर्णय होतं, पण ती तिथी बघायला. भरती ती स्वयंपाक करता करता बोटांच्या पेरांवर मोजून सांगायची, आणि मग त्या दिवशी तिसऱ्या मिळणार की नाही तेही सांगायची. आता अ‍ॅप आहे, ते मिनिटासह वेळ देतं. मी पानावर चंद्राच्या पंधरा कला काढल्या आणि प्रत्येकीखाली हाताचं एकेक पेर. पाढ्यापुढे ती सजावटच झाली, तरी राहू दिली.

मीठ. शिरोडं म्हटलं की वाचणाऱ्यांना कादंबरीकार वि. स. खांडेकर आठवतात, इथल्या शाळेत ते १९२० ते १९३८ शिकवत होते. इतिहासवाल्यांना १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. मला आठवतो मिठागरांचा उजेड. उधाणाचं पाणी खाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात ऊन त्याचं मीठ करतं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते हळूच ओढायचं, खालचा चिखल न उठवता. एप्रिलात दुपारी तिथे डोळे उघडे ठेवता येत नाहीत. खालूनही ऊन येतं.

तो उजेड रंगाने काढता येत नाही, कारण कागदाहून पांढरा रंग डबीत नसतो. मग जलरंगवाल्यांची जुनी युक्ती वापरली. निळ्या-राखाडी रंगाचा ओला हात द्यायचा, कागदाची चमक जरा कमी झाली की वर मीठ टाकायचं. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचं रंगीत पाणी ओढून घेतो. वाळल्यावर मीठ झटकलं की खाली फिकट चांदण्या उमटलेल्या असतात. घरातल्या बारीक मिठाने ठिपके येतात. शिरोड्याच्या जाड्या मिठाने डाग आले, वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले, आणि पान झालं. थेट खाण्यासाठी बिगर-आयोडीनयुक्त मीठ विकण्यावर २००६ पासून बंदी आहे, तेव्हा हे मीठ आता मासे खारवायला आणि माडाच्या आळ्यात घालायला जातं. मिठागरं कमी होत चालली आहेत. वाफ्यांपेक्षा त्यांखालच्या जमिनीला भाव आहे.

या पानाची एक कटकट आहे. कागदात राहिलेलं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं. जूनपासून ते पान ओलसर होतं आणि समोरच्या पानाला चिकटतं. मध्ये बटरपेपर घालून ठेवला आहे.

तर. म्हणजे खाडीपार नेणारी होडी. आरोंद्याहून किरणपाणीला जायला आता पूल आहे. होडीतून जायचं तेव्हा माणसं उभी, सायकल उभी, टोपलीतली कोंबडी बसलेली. पूल दोन मिनिटांत संपतो. चित्रात फक्त गुडघे आहेत, होडी किनाऱ्याला टेकताना सगळ्यांचे एकदम वाकलेले.

बोट. ही माझी आठवण नाही, मावशीची आहे. मी तिच्या सांगण्यावरून काढलं, ती काढताना शेजारी बसून होती. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट वेंगुर्ल्याला धक्क्याशी येत नसे, लांब पाण्यात उभी राही. तिथून माणसं नि सामान पडावात उतरायचं आणि पडाव किनाऱ्याला. मावशीला आगबोटीचा रंग आठवत नाही, शिडी आठवत नाही. एक खलाशी तिला बगलेत धरून खाली वाकला आणि खालच्याने हात वर केले, त्या मधल्या क्षणी तिच्या पायांखाली नुसतं पाणी होतं, ते आठवतं. “रॉकेलाचो वास लिही,” ती म्हणाली. लिहिला. पानाच्या कोपऱ्यात शब्दच लिहिला, कारण तिच्याशी वाद घालता येत नाही. आगबोटी बंद झाल्या, पुढे बरीच वर्षं एसटीवर भागलं, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मावशी रेल्वेवर खूश आहे. तिच्या मते बोटीबद्दल हळहळणाऱ्यांना कधी बोट लागली नसावी.

चूड. सुक्या चुडतांची बांधलेली मशाल. ओहोटीला रात्री ती पेटवून खडकांत कुर्ल्या शोधायच्या. पानभर मेणाचे पिवळे-नारिंगी खडू घासले, वर काळी शाई दिली, वाळल्यावर जुन्या ब्लेडने खरवडलं. कुर्ल्या कुठेच नाहीत, पायांचे घोटे मात्र चांगले आलेत. कपाळावर बांधायची बॅटरी आल्यापासून दोन्ही हात मोकळे असतात. कुर्ल्यांसाठी ही वाईट बातमी आहे.

डच वखार. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ डचांनी सतराव्या शतकात बांधलेली, आता पडकी. पाच ओळीच पुरतात. तिचं चित्र सगळेच काढतात, पडक्या भिंतीतून उगवलेल्या झाडासकट, आणि सगळ्यांचं सारखंच येतं. मीही काढलं, सारखंच आलं.

मर्यादवेल. वाळूवर पसरते, पान आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं, फूल जांभळं. भरतीची रेघ जिथे संपते तिच्या वर हिचं राज्य सुरू होतं आणि ती वाळू धरून ठेवते. पुष्कळ ठिकाणी आता त्या जागेवर दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे. समुद्र जमीन खातो, म्हणून बंधारा घालायचा. बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, मग बंधाऱ्यासमोर वाळूच राहत नाही. वेल पसरायला जागा नाही, रापण ओढत मागे चालायला जागा नाही, होडी वर घ्यायला जागा नाही. बंधारा घातला नाही तर मागचं घर जातं, आणि त्या घरातल्या माणसाला वेलीचं कौतुक सांगून उपयोग नसतो. पानावर मी वरून खाली चार पट्ट्या काढल्या: घर, दगड, ओली वाळू, समुद्र. समुद्राला सगळ्यात खाली बोटभर जागा दिली. वहीभर त्याला तेवढीच मिळालेली आहे. तो कुठे जात नाही.

माकुल. सेपिया रंग पूर्वी माकुलाच्या पोटातल्या शाईपासूनच करत. मासळी साफ करताना मावशीने ती पिशवी न फोडता काढून वाटीत दिली, “ह्या घे, तुझो रंग.” पाणी घालून ब्रशने लावली. आधी काळी दिसते, पसरली की तपकिरी होते, आणि इतकी सुरेख पसरते की दुकानातली शाई नकोशी व्हावी. त्या शाईने माकुलच काढलं. त्याच्या आतलं पांढरं हाड, समुद्रफेन, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतं. ते कागदावर ठेवून त्याची कड फिरवली. वास आठवडाभर गेला नाही. माकुल नाहीसं झालेलं नाही, बाजारात चढ्या भावाने मिळतं. यादीत ते का, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. नाहीशा होणाऱ्या गोष्टींतच राहून हात जड होतो, एवढंच.

खलाशी. हे चित्र स्मरणातलं नाही. ते काढताना माझा नियम मोडला, कारण त्याने मला धक्क्यावर वही हातात असताना पकडलं. ट्रॉलरवर आता नेपाळहून आलेली पुष्कळ मुलं असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ती गावी जातात आणि ऑगस्टात परततात. याच्या पायात पिवळे गमबूट, गळ्यात मोबाइल. पानं उलटून त्याने सगळं पाहिलं. रापणीपाशी थांबला. मागे मागे चालत ओढायचं, हे त्याला गमतीचं वाटलं. बोटीवर जाळं यंत्राच्या रहाटावर येतं, त्याने हात फिरवून दाखवलं.

“दीदी, मेरा बनाओ. मुँह के साथ.”

आजींची अट इथेही होती. तोंड काढलं. जमेल तसं. गमबूट चांगले जमले. मागे बोट, केबिनवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला तिचा नंबर, तो त्याने मला एकेक अंक सांगून लिहायला लावला. मग पानाचा फोटो काढून तिथल्या तिथे घरी पाठवला. उत्तर यायला वेळ लागला नाही. त्याने वाचलं, हसला, आणि मला हिंदीत सांगितलं: आई म्हणते, बूट छान आहेत, बोटही छान आहे, पण एवढंच पाणी आहे तर तू आठ-आठ दिवस जातोस कुठे?

मी वही त्याच्याकडून घेतली आणि शेजारचं कोरं पान जोडून पाणी वाढवायला बसले. तो बाजूला उभा राहून सांगत होता, और, दीदी, और.